टास्करचा तासकर

मी आज जो काही आहे त्यात सर्वांत मोठा वाटा कुणाचा, असं विचारलं तर मी आडनावसरांचं नाव घेतो. हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. वेल्हे तालुक्यातल्या आमच्या हायस्कूलात ते आठवीपासून बारावीपर्यंत इंग्रजी शिकवायचे. मुलांनी पाडलेलं हे नाव त्यांना ठाऊक होतं आणि, मला वाटतं, आवडतही होतं. त्यांचं स्वतःचं आडनाव गावोगावी सापडणारं. त्याविषयी ते जरा खंतावूनच बोलत. "आमचं म्हणजे गाजरगवत. कुठंही उगवतं. त्याचा काय नकाशा काढणार?"

नकाशे काढायचं त्यांना वेड होतं. भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांचा एक मोठा नकाशा त्यांनी खाकी कागदावर हातानं काढला होता आणि तो त्यांच्या खोलीच्या भिंतीवर अंथरुणाच्या वर लावला होता. एकेका आडनावाला एकेक वही. वहीला जुन्या कॅलेंडरच्या पानाचं कव्हर. कुठल्या गावात त्या आडनावाची किती घरं, ती कुठून आली, आधी काय म्हणत, सगळं त्यात. ही माहिती मिळवायला सर कुठंही जात. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मतदारयादी लागली की बाकीचे आपलं नाव बघून निघून जात, सर पूर्ण यादी वाचत उभे राहत. लग्नपत्रिका त्यांना फार प्रिय. वधूवरांची नावं ते वाचतच नसत. थेट खाली, ‘आपले नम्र’ पासून सुरुवात. कुणाचा मामा, कुणाचा साडू, कुणाचं आजोळ. "पत्रिका म्हणजे आडनावांचं भरलेलं गाव आहे," असं म्हणायचे. पंचक्रोशीतली माणसं लग्न झालं की उरलेल्या पत्रिका त्यांना आणून देत. एकदा उत्रोलीच्या एका लग्नात ते बिनओळखीचे जेवले, आणि यजमानांनी "आपण मुलाकडचे का मुलीकडचे?" असं विचारल्यावर म्हणाले, "मी आडनावाकडचा." यजमानांनी त्यांना आणखी एक जिलेबी वाढली.

त्यांची हजेरी ऐकायला शेजारच्या वर्गातली मुलं खिडकीशी यायची. सर आडनाव पुकारत आणि मुलानं ‘हजर’ म्हणायचं नाही. आडनाव जिथून आलं ते गाव सांगायचं.

"शिळीमकर."

"शिळीम, सर."

"कोंढाळकर."

"कोंढाळ, सर."

ज्याच्या आडनावात गाव नसेल त्यानं जे घरी ऐकलं असेल ते सांगायचं. काहीच माहीत नसेल तर ‘शोधतोय, सर’ म्हणायचं. ‘माहीत नाही’ चालत नसे.

माझं आडनाव तासकर. आठवीच्या पहिल्या दिवसापासून मी रोज ‘शोधतोय, सर’ म्हणत होतो. तास नावाचं गाव दोन्ही तालुक्यांत नव्हतं. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना विचारलं तर ते भाताच्या पेंढ्या बांधता बांधता म्हणाले, "आरं, तास म्हंजे तास. आमाला कुनी इचारलंच न्हाई कदी."

आबांचं बोलणं खरं नव्हतं. विचारणारे पुष्कळ होते, फक्त त्यांचा प्रश्न वेगळा होता. आपल्याकडे पाहुण्या माणसाचं आडनाव विचारतात ते त्याची जात कळावी म्हणून. आम्ही बौद्ध. आमच्या आडनावावरून कुणाला पटकन अंदाज यायचा नाही. मग विचारणारा क्षणभर थांबायचा आणि म्हणायचा, "म्हणजे तुम्ही कोण?" हा ‘कोण’ कुठल्या सुरात येतो ते मी दहाव्या वर्षीच शिकलो होतो. आडनावसर हे मला भेटलेले पहिले गृहस्थ, की ज्यांनी आडनाव विचारलं आणि पुढचा प्रश्न ‘कोण’ असा न करता ‘कुठले’ असा केला. आणि लगेच त्यांनी खडू हातात घेतला आणि फळ्यावर दोन तालुक्यांचा आकार काढला. "तुमचं घर कुठं येतं यात? ठिपका दे." मी वर्गासमोर जाऊन ठिपका दिला.

नववीत असताना सरांना माझ्या आडनावाचा शोध लागला. निदान त्यांना तसं वाटलं.

पुण्यात रद्दीच्या दुकानात त्यांना इंग्रजी मासिकांचा एक गठ्ठा मिळाला होता. त्यातल्या वाचकांच्या पत्रव्यवहारात खाली सही होती: टास्कर. सरांनी जाड शब्दकोश काढला. टास्क म्हणजे नेमून दिलेलं काम. टास्कर म्हणजे ते काम करणारा, आणि जुन्या काळी विशेष करून कणसं झोडपून धान्य काढणारा मजूर. दुसऱ्या दिवशी सर वर्गात आले ते इंग्लंडचा नकाशा काखेत घेऊनच. त्यांनी तो माझ्या बाकाच्या वरच टांगला.

"तासकर, तुझे भाऊबंद सापडले. तिकडंही विरळच आडनाव आहे. तिकडचा टास्कर गहू झोडतो, इकडचा तासकर भात झोडतो. आता मला सांग, हा योगायोग आहे?"

मला काय कळणार? पण सरांच्या वह्यांत आमच्या घरांचे ठिपके आधीच पडलेले होते: उत्रोलीत दोन, वरव्यात एक, सारोळ्यात एक आणि वेल्ह्याकडं आम्ही एकटेच. सगळे मिळून भोरच्या भोवती कोंडाळं करून बसल्यासारखे दिसत. भोरला लागूनच भाटघरचं धरण. सरांनी दोन अधिक दोन केलं. धरणाच्या कामावर कुणी टास्कर नावाचा साहेब असणार, आमचा कुणी पूर्वज त्याच्या हाताखाली असणार, आणि लोकांनी साहेबाचं नाव त्याला चिकटवलं असणार. या ‘असणार’ना पुरावा शून्य होता. पण सर सांगायचे इतक्या आनंदानं, की अख्ख्या वर्गाला तो साहेब टोपीसकट दिसू लागला. त्या दिवसापासून मुलं मला ‘साहेब’ म्हणू लागली. डब्यात भाकरी बघून विचारायची, "साहेब, आज पाव न्हाई व्हय?" मी रागवायचो नाही. त्याआधी जे ऐकलं होतं त्यापेक्षा हे पुष्कळ बरं होतं. गाव मात्र अजून सापडलं नव्हतं, म्हणून हजेरीला मी ‘शोधतोय, सर’च म्हणत राहिलो.

सरांनी त्या मासिकातल्या पत्त्यावर पत्र टाकलं. दोन-तीन महिन्यांनी उत्तर आलं. टास्कर आजीबाई होत्या कुणी तरी. त्यांनी आपल्या घराण्याची गावं एका कागदावर वळणदार अक्षरात लिहून पाठवली होती. सरांनी एकेक गाव शोधून इंग्लंडच्या नकाशावर लाल ठिपके दिले. मधल्या परगण्यांत बरेच जवळजवळ, बाकी तुरळक. ते बघताना सर म्हणाले ते वाक्य मी विसरलो नाही. "लक्षात ठेव, गावात राहणाऱ्याला गावाचं आडनाव कधी लागत नाही. शिळीमात सगळेच शिळीमचे, तिथं शिळीमकर कोण म्हणणार? गाव सोडून जातो त्यालाच ते लागतं. आडनाव म्हणजे मागं राहिलेल्या गोष्टीची आठवण."

दहावीच्या बोर्डाचे फॉर्म भरायचे होते तेव्हा मी माझं आडनाव इंग्रजीत लिहिलं: टी, ए, एस, के, ए, आर. सरांनी फॉर्म तपासला, पेन काढलं आणि शेवटच्या ‘ए’चा ‘ई’ केला. म्हणाले, या शब्दाचं स्पेलिंग कित्येक पिढ्यांपासून तयार आहे, आपण कशाला नवीन पाडायचं? मला अभिमानच वाटला. बारावीच्या गुणपत्रिकेवर तेच आलं. माझ्याएवढं इंग्रजी आडनाव असलेला मुलगा वेल्हे तालुक्यात दुसरा नव्हता.

इथं सरांची आणखी एक खोड सांगायला हवी. ते ‘चूक’ हा शब्द वापरत नसत. आमच्या वह्यांत फुली मारत नसत; समासात ‘फेरतपास’ असं लिहीत. मुख्याध्यापकांनी एकदा वेळापत्रकातली त्यांची गडबड दाखवली तर म्हणाले, "ही दुसरी वाट झाली." मुलाला ‘तू चुकलास’ म्हटलं की मूल शोधायचं थांबतं, असं त्यांचं म्हणणं. पण ते स्वतःलाही ही सवलत घ्यायचे, हे आम्हाला समजत होतं.

बारावीनंतर मला पुण्यातल्या एका कॉलेजात भूगोलाला प्रवेश मिळाला. खरा प्रश्न राहण्याचा होता. खोली भाड्यानं घेण्याची ऐपत नव्हती आणि वेल्ह्याहून रोज एसटीनं जाऊन येणं शक्य नव्हतं. मागासवर्गीय मुलांच्या एका सरकारी वसतिगृहाच्या यादीत माझं नाव लागलं. जागा मिळाली तर कॉलेज, नाही तर आबांबरोबर भात. मधला मार्ग नव्हता.

बुधवारी मी कागद घेऊन तपासणीला गेलो. फॉर्म संगणकावर भरलेला. मी आडनाव इंग्रजीत गुणपत्रिकेप्रमाणे भरलं होतं, आणि मराठीच्या रकान्यात संगणकानं आपल्या बुद्धीनं उतरवलं होतं: टास्कर. जातीच्या दाखल्यावर मात्र माझं आणि आबांचं आडनाव तासकर. टेबलामागच्या बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले.

"ख्रिश्चन आहात का तुम्ही?"

मी नाही म्हणालो.

"मग हा दाखला तुमचाच कशावरून? टास्कर वेगळं, तासकर वेगळं." बाई वाईट नव्हत्या. त्यांनी हळू आवाजात सांगितलं की, शनिवारी संध्याकाळपर्यंत शाळेचं पत्र आणि जुना काही पुरावा आणा, नाही तर जागा पुढच्या मुलाला जाईल.

घरी आलो तेव्हा आबा ओट्यावर बसले होते. सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "मास्तरनं तुला इंग्रज केलं व्हय? बरं. आता मास्तरलाच सांग, मानसात आन म्हनावं."

सरांकडं जाताना मला राग येत होता आणि त्या रागाची लाजही वाटत होती. सर वहीत काही तरी लिहीत होते. मी दोन्ही कागदांच्या झेरॉक्स त्यांच्यापुढं ठेवल्या. त्यांनी बाईंसारख्याच त्या शेजारी शेजारी लावल्या. मग उठून मोरीवर गेले, तोंड धुतलं, टॉवेलनं पुसत आले आणि विचारलं, "तुझे आजोबा शाळेत कुठं गेले?"

मला एवढंच माहीत होतं की आजोबांचं लहानपण उत्रोलीला गेलं, शाळा भोरला, आणि लग्नानंतर ते आमच्या आजीच्या गावी, वेल्ह्याकडं येऊन राहिले.

"उद्या सकाळच्या गाडीनं भोर," सर म्हणाले.

भोरच्या त्या जुन्या शाळेत मुख्याध्यापिका बाईंनी लोखंडी कपाट उघडून दिलं. आत जुनी रजिस्टरं, कडा वाळवीनं कुरतडलेल्या. आम्ही दोघं जमिनीवर बसलो. आजोबांचा जन्म कोणत्या साली ते घरात कुणालाच माहीत नसल्यामुळं अंदाजानं एकेक रजिस्टर बघायचं. सर इतर आडनावं दिसली की अडकायचे. "अरे, हे बघ, हे घराणं इथं होतं!" असं म्हणत पान दाखवायचे, मग माझं तोंड बघून पुढं सरकायचे. दुपारी शाळेची जेवणाची सुट्टी झाली, मुलांचा गलका उठला, आणि त्याच वेळी माझं बोट थांबलं. आजोबांचं नाव. त्यांच्या वडिलांचं नाव. आडनाव: तासकर. ‘त’ स्वच्छ, दातावरचा. आणि शेजारी पालकाच्या धंद्याचा रकाना.

सरांनी चष्मा पुसला, ओळ वाचली, परत वाचली आणि मग मोठ्यानं वाचली.

"कचेरीत तास वाजविणे."

मुख्याध्यापिका बाईंना उलगडा लगेच झाला. भोर संस्थान होतं तेव्हा कचेरीत पितळेची मोठी थाळी टांगलेली असायची. तिला तास म्हणत, आणि दर तासाला एक माणूस त्यावर टोले द्यायचा. त्यावर गाव उठायचं, जेवायचं, बाजार बंद करायचं. माझ्या पणजोबांचं ते काम. त्यांच्या मुलाला शाळेत घालताना कुणा मास्तरांनी आडनाव विचारलं असेल, त्यांच्यापाशी ते नसेल, आणि मास्तरांनी त्यांच्या कामावरून लिहून टाकलं असेल. सगळ्या भोरला वेळ सांगणारा माणूस, म्हणून तासकर.

मी सरांकडं बघितलं. त्यांचा साहेब, त्यांचं धरण, इंग्लंडच्या नकाशावरचे लाल ठिपके, हे सगळं त्या एका ओळीत बुडालं होतं. मला वाटलं, ते खट्टू होतील. सर मांडी घालून बसल्या बसल्या हसायला लागले. आधी हळू, मग इतके की मुख्याध्यापिका बाईही हसल्या.

"ठिपके बरोबर होते बघ," ते म्हणाले. "सगळे भोरकडंच बोट दाखवत होते. मी धरणाकडं बघत बसलो. कचेरी माझ्या नजरेसमोर होती."

रजिस्टरच्या त्या पानाचा सहीशिक्क्याचा उतारा मिळाला. शुक्रवारी आमच्या शाळेत मुख्याध्यापकांनी आपलं कोरं लेटरहेड सरांपुढं सरकवलं आणि "तुम्हीच लिहा, मी सही करतो," म्हणाले. सरांनी मजकूर आधी कच्चा लिहिला, मग पक्का. मी शेजारी उभा होतो. ते लिहीत होते: ‘सदर विद्यार्थ्याचे मूळ आडनाव तासकर असून इंग्रजी स्पेलिंगमधील बदल हा अर्ज तपासणाऱ्या शिक्षकाच्या चुकीमुळे झालेला आहे.’ ‘चुकीमुळे’ लिहिताना त्यांचं पेन थांबलं नाही. पण लिहून झाल्यावर त्यांनी त्या शब्दावरून पुन्हा एकदा पेन फिरवलं, ठळक दिसावा म्हणून. खाली मुख्याध्यापकांच्या सहीशेजारी त्यांनी आपली स्वतःची सही केली, आडनावासकट.

शनिवारी ते माझ्याबरोबर पुण्याला आले. बाईंनी आम्हाला आतल्या साहेबांकडं पाठवलं. सरांनी बसायच्या आधी टेबलावरची नावाची पाटी वाचली. सासवडकर.

"साहेब सासवडचे?"

"नाही, आम्ही सातारचे. सासवडला कुणी नाही आमचं."

"असणारच नाही," सर म्हणाले. "सासवडात राहिला असतात तर सासवडकर झाला नसतात." आणि मग त्यांनी ते गाव सोडणाऱ्याचं सूत्र साहेबांना समजावून सांगितलं. साहेब पेन खाली ठेवून ऐकत राहिले. शेवटी त्यांनी पत्र वाचलं, रजिस्टरचा उतारा वाचला, धंद्याच्या रकान्यापाशी थांबले आणि माझ्याकडं बघितलं. ते बघणं ‘कोण’वालं नव्हतं.

"गुरुजी, एका अक्षरासाठी एवढी धावपळ केलीत?"

"साहेब, त्या एका अक्षरानं पोरगा इंग्लंडला गेला होता. परत आणायला भाडं तर पडणारच."

साहेबांनी सही केली. गुणपत्रिकेची दुरुस्ती बोर्डाकडून यथावकाश करून घ्या म्हणाले, पण खोलीचा क्रमांक त्याच वेळी दिला. बाहेर आल्यावर सरांनी स्वारगेटला दोन मिसळी मागवल्या आणि स्वतःची मिसळ अर्धी झाल्यावर मला म्हणाले, "आता त्या आजीबाईंना कळवायला हवं." त्यांनी कळवलंही. आमची शाखा आपल्या झाडाची नाही हे कळवण्यास फार आनंद होतो, असा इंग्रजी मजकूर मी स्वतः वाचला आहे. आजीबाईंचं उत्तर एका कार्डावर आलं: झाड एक नसलं तरी इकडं आलात तर चहाला या.

सर आता निवृत्त झाले, भोरला राहतात. मोबाईल ठेवत नाहीत. "त्यावर नुसता नंबर येतो. पत्रावर माणूस कुठला ते लिहिलेलं असतं." म्हणून गेल्या महिन्यात मी त्यांना पत्र पाठवलं. ते इथं जसंच्या तसं देतो.

*

आदरणीय सर,

सा. न.

सातारा जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मला भूगोलाचा शिक्षक म्हणून नेमणुकीचं पत्र मिळालं. पत्रावर आडनाव मराठीतही बरोबर आहे आणि इंग्रजीतही. आबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मास्तरला आधी कळव."

आज वर्गाची यादी हातात आली. बेचाळीस मुलं. बरीचशी आडनावं मला नवीन आहेत. मी एक वही घेतली आहे आणि तिला कॅलेंडरचं पान चढवलं आहे. पत्ता बदलला की तुमच्या नकाशावर माझा ठिपका भोरपासून थोडा लांब, कागदाच्या कडेबाहेर सरकवा. मी गाव सोडलं, त्यामुळं आता तुमच्या सूत्रानं मी खरा तासकर झालो.

पाच वर्षं तुम्ही माझी हजेरी घेतलीत आणि मी रोज ‘शोधतोय’ म्हणालो. ते उत्तर आमच्याकडून द्यायचं राहिलं होतं, तेवढं मांडून घ्या.

तासकर: भोर, सर. कचेरीचा तास.

उद्या सकाळी सव्वासातला माझा पहिला तास आहे.

आपला विद्यार्थी,
तासकर